नाटक आटोपतं घ्या म्हणणाऱ्यांना

शाळेच्या नाटकाबद्दल दोन वाक्यं आमच्या भागात इतक्या सहज बोलली जातात की ती खरी की खोटी हे तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही. पहिलं वाक्य शिक्षकांच्या खोलीतलं : "गॅदरिंगचं नाटक आहे, यांना कुठं नट व्हायचंय? चार दिवस मजा करू द्या." दुसरं वाक्य शहरातून शिबिर घ्यायला येणाऱ्या मंडळींचं : "इकडच्या मुलांत टॅलेंट खूप आहे हो, पण कमिटमेंट नाही." वरवर पाहिलं तर ही वाक्यं एकमेकांच्या विरोधात आहेत. एकाला नाटकात शिस्त नको आहे, दुसऱ्याला ती सापडत नाही. पण दोघांच्याही मनात गृहीत एकच आहे, की चौदा-पंधरा वर्षांचं मूल अंगावर घेतलेलं काम शेवटाला नेऊ शकत नाही. मला हे गृहीतच मान्य नाही. नाटकातली व्यावसायिक बांधिलकी शाळेतच शिकवली पाहिजे, आठवी-नववीतच शिकवली पाहिजे, आणि ती न शिकण्याचा दोष मुलांच्या माथी मारणं थांबलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

आमचा भाग म्हणजे देवगाव फाटा. तो परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात येतो. एका बाजूला मंठा आणि जालना, दुसऱ्या बाजूला चारठाणा आणि जिंतूर, तिसरा रस्ता सेलूकडे. फाट्याचं सगळं आयुष्य गाड्यांच्या वेळेवर चालतं. आजूबाजूच्या गावांतली मुलं-मुली शाळेसाठी एसटीने, काळीपिवळीने, सायकलवर, नाहीतर पायी येतात. मुलींना पासाचे पैसे पडत नाहीत, मानव विकास कार्यक्रमाच्या बसही आहेत, आणि या दोन योजनांनी मराठवाड्यातल्या किती मुली दहावीपर्यंत पोचल्या हे गावोगावी दिसतं. पण ती बस शाळा सुटण्याच्या वेळेला धरून असते. ती गेली की पुढच्या गाडीचा भरवसा नसतो, आणि डिसेंबरात सहालाच अंधार पडतो.

आता तालमीची वेळ बघा. बहुतेक शाळांत तालीम शाळा सुटल्यावर. "साडेपाचला सगळे हॉलमध्ये" असं फळ्यावर लिहिलं जातं. ज्या मुलाचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत आहे तो घरी जाऊन, चहा घेऊन, सहाला येतो. जी मुलगी आठ किलोमीटरवरून येते ती पाच वाजल्यापासून दप्तर पाठीला लावून खिडकीतून रस्त्याकडे बघत उभी असते. सहाला सगळे जमतात, सव्वासहाला सरांना कुणाचा तरी फोन येतो, साडेसहाला वाचन सुरू होतं, आणि तिचं वाक्य येण्याआधी तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन फाटकापाशी हॉर्न वाजवतो. दुसऱ्या दिवशी ती येत नाही. तिसऱ्या दिवशी तिची भूमिका गल्लीतल्या मुलीला दिली जाते. आणि शिबिराला आलेले पाहुणे वहीत नोंद करतात : कमिटमेंट नाही.

या प्रसंगात दिलेली वेळ कोणी मोडली? साडेपाचला जागेवर हजर असलेली एकच व्यक्ती होती, आणि भूमिका तिचीच गेली.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. व्यावसायिक रंगभूमीवर तालमीची वेळ ठरवताना नटाची अडचण विचारतात. कुणाचं शूटिंग किती वाजता सुटतं, कुणाची शेवटची लोकल किती वाजता आहे, कुणाचा दुसरा प्रयोग कुठल्या गावी आहे, हे सगळं धरून तारखा काढल्या जातात, आणि एकदा काढल्या की त्या पाळल्या जातात. तारखा काढणं हे निर्मिती व्यवस्थापकाचं मोठं कौशल्य मानलं जातं. शाळेत मात्र आपण या व्यवहाराचा पुढचा अर्धा भागच उचलतो : वेळ पाळा. मागचा अर्धा, म्हणजे पाळता येईल अशी वेळ द्या, तो सोडून देतो. तालीम शाळेच्या वेळातच ठेवली, शेवटच्या दोन तासिका आठवड्यातून तीनदा काढल्या, तर फाट्यावरच्या शाळेतली बहुतेक गैरहजेरी संपते. यासाठी कुठल्या अनुदानाची गरज नाही. वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकाने मनावर घेतलं की झालं.

तरीही गैरहजेरी राहीलच, हे मी नाकारत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात इथे कापूस वेचणीला माणूस मिळत नाही, आणि घरातलं पोर हे मजुरी न मागणारं माणूस असतं. "सर, उद्या येणं होत नाही. घरी कापूस वेचायलेत." हे वाक्य एखादी मुलगी आदल्या दिवशी येऊन सांगते तेव्हा शिक्षक बहुधा वैतागतो. माझ्या मते त्याने त्या क्षणी थांबावं आणि तिला सगळ्यांसमोर शाबासकी द्यावी, कारण तिने व्यावसायिक नटाचं सर्वांत महत्त्वाचं काम केलं आहे : निरोप आधी दिला आहे. नाटकाच्या धंद्यात गैरहजेरी हा गुन्हा नसतो, न कळवता गैरहजर राहणं हा असतो. आजारपण, मयत, अपघात सगळ्यांना आहेत. म्हणूनच बदली कलाकार ही सोय असते, म्हणूनच कुणीतरी दुसऱ्याचीही वाक्यं पाठ करून विंगेत उभा असतो. शाळेने नाटक बसवताना पहिल्याच आठवड्यात प्रत्येक भूमिकेला जोड लावून द्यावी. मंदा नसेल तर तिची वाक्यं रेखा बोलेल, आणि मंदा परत आली की काल कुठल्या मूव्हमेंट बदलल्या हे तिला रेखाच दाखवेल. यात दोघींना जे शिकायला मिळतं ते "उशीर झाला तर काढून टाकीन" या धमकीतून कधीच मिळत नाही. धमकीने मूल खोटं बोलायला शिकतं, आजी आजारी पाडायला शिकतं.

आता "खेड्यातल्या मुलांत कमिटमेंट नाही" या विधानाकडे येतो. हे विधान करणाऱ्यांनी एकदा या भागातला अखंड हरिनाम सप्ताह पाहावा, आणि कीर्तनाच्या वेळी नव्हे, पहाटे तीनला. मंडपात दिवा असतो, चार म्हातारी माणसं कांबळं पांघरून बसलेली असतात आणि कुणीतरी गळ्यात वीणा घेऊन उभा असतो. सात दिवस, रात्रंदिवस, ती वीणा खाली ठेवायची नाही. पहाऱ्यांची यादी आधीच लागलेली असते. दोन-दोन तासांचे पहारे, आणि पहाटेच्या पहाऱ्याला पुष्कळदा गावातली तरणी पोरं असतात, त्यात नववी-दहावीतलीही असतात. पुढचा पहारेकरी आल्याशिवाय आधीचा वीणा सोडत नाही. पुढच्याला झोप लागली तर कुणीतरी जाऊन त्याचं दार वाजवतं. त्या पोराला कीर्तनकार व्हायचं नसतं. "चार दिवस मजा करू दे" असंही त्याला कुणी म्हणत नाही. त्याला काम दिलेलं असतं, ते काम त्याच्यावाचून अडणार आहे हे त्याला दिसत असतं, आणि त्याच्या आधी उभ्या असलेल्या मोठ्या माणसाने आपली वेळ पाळलेली त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. बांधिलकी तयार व्हायला या तीन गोष्टी लागतात, आणि त्या तिन्ही या गावांत आहेत. शाळेच्या नाटकात त्या आणल्या जात नाहीत, इतकाच फरक आहे. मग मुलांत बांधिलकी नाही, असं कसं म्हणायचं?

शिस्तीची बाजू घेणाऱ्या मंडळींचं एक आवडतं उदाहरण असतं, ते मला मुलांसमोर सांगितलेलं अजिबात आवडत नाही. 12 मार्च 1911. मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, आणि तरीही ते भामिनी म्हणून रंगमंचावर उभे राहिले. मराठी रंगभूमीच्या इतिहासातली ही घटना मोठी आहे, तिच्यापुढे मान झुकतेच. पण बालगंधर्व तेव्हा बावीस वर्षांचे होते, कंपनीचा मुख्य आधार होते, आणि तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. त्यांच्या मागे शंभर पोटं होती. नववीतल्या मुलाला ताप असताना हे उदाहरण सांगून रंगमंचावर ढकलणं म्हणजे त्या घटनेचा अपमान आहे. मुलांना त्यागाच्या गोष्टी सांगून बांधिलकी शिकवता येत नाही. त्यातून फक्त अपराधी भाव तयार होतो, आणि जी मुलं मुळातच मन लावून काम करतात त्यांनाच तो जास्त चिकटतो. बांधिलकीचं खरं काम यापेक्षा कितीतरी साधं आहे : पाठांतर ठरल्या दिवशी पूर्ण असणं, एंट्रीच्या आधी विंगेत तयार असणं, आपली प्रॉपर्टी आपण तपासणं, समोरच्याचं वाक्य चुकलं तर त्याला सावरून घेणं, आणि आपलं काम संपल्यावर विंगेत गप्पा न मारणं. यातलं एकही काम चौदा वर्षांच्या मुलाला अवघड नाही, पण यातलं एकही आपोआप येत नाही.

"यांना कुठं नट व्हायचंय" या वाक्याचं उत्तर देताना काही जण परभणीच्या संकर्षण कऱ्हाडेचं नाव घेतात. परभणीचा मुलगा व्यावसायिक रंगभूमीवर आणि मालिकांत उभा राहिला, लिहू लागला, याचा अभिमान मलाही आहे. पण या युक्तिवादात मला धोका दिसतो. एक नट तयार होईल म्हणून तीस मुलांना शिस्त शिकवायची असेल, तर ज्या शाळेतून नट निघणार नाही तिथे शिकवायची नाही का? गणिताच्या तासाला आपण असं विचारत नाही. वर्गातली सगळी मुलं गणिती होणार नाहीत हे माहीत असूनही त्रैराशिक चुकलं तर चूक म्हणतो. नाटकातच का "चालतंय" म्हणायचं? फाट्यावरच्या शाळेतून निघालेलं मूल उद्या दवाखान्यात नर्स असेल, एसटीचा चालक असेल, गॅरेज टाकेल, शेती करेल. आपल्यावर दुसरं माणूस अवलंबून आहे हे ध्यानात ठेवून काम करणं त्या प्रत्येक ठिकाणी लागणार आहे, आणि शाळेतल्या विषयांपैकी ते नाटकाइतकं उघडपणे दुसऱ्या कुठल्याही विषयात शिकता येत नाही. निबंध चुकला तर आपले मार्क जातात. क्यू चुकला तर समोरचा रंगमंचावर एकटा पडतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. स्नेहसंमेलनाची संध्याकाळ. पत्रिकेवर वेळ पाच. मुलं दुपारी दोनपासून रंगून बसलेली. नऊवारी नेसवलेल्या मुलीला पाणी प्यायचं नाही म्हणून सांगितलेलं, कारण पुन्हा नेसवायला वेळ नाही. पाहुणे पावणेसातला येतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, सत्काराला उत्तर, संस्थेच्या सचिवांचं मनोगत, पाहुण्यांचं मार्गदर्शन. त्यानंतर सिनेमातल्या गाण्यांवरचे नाच, कारण पालकांना ते हवे असतात. साडेनऊला नाटकाचा नंबर लागतो आणि सूत्रसंचालक विंगेत येऊन सरांच्या कानात सांगतो : "आटोपतं घ्या, लोक उठायलेत." पस्तीस मिनिटांचं नाटक सर तिथल्या तिथे कापतात. "दुसरा प्रवेश सोडा. सरळ शेवटाला या." दुसऱ्या प्रवेशात ज्या चार मुलांची कामं आहेत ती मेकअप करून विंगेत उभी असतात. एकाच्या हातात पाटलाची काठी असते. त्याचं एकच वाक्य होतं, आणि ते त्याने दीड महिना घोकलेलं असतं. तो काठी कोपऱ्यात ठेवतो आणि प्रेक्षकांत जाऊन बसतो.

मला ज्यांनी आजवर मुलांच्या कमिटमेंटबद्दल ऐकवलं त्या सगळ्यांना मी या मुलासमोर उभं करू इच्छितो. त्याने आपलं सगळं केलं होतं. संस्थेने दिलेला शब्द पाळला नाही, पाहुण्यांनी वेळ पाळली नाही, सरांनी त्याच्या बाजूने तोंड उघडलं नाही. त्या रात्री तो एक गोष्ट पक्की शिकला : मन लावून केलेल्या कामाची किंमत मोठ्या माणसांच्या सोयीपुढे काहीच नसते. पुढच्या वर्षी त्याने नाटकात नाव दिलं नाही तर त्याला बेजबाबदार म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

व्यावसायिक रंगभूमीवर तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो. उशिरा आलेला प्रेक्षक अंधारात चाचपडत आपली खुर्ची शोधतो, मग तो कितीही मोठा असो. हा संकेत नटांच्या अहंकारासाठी नाही, वेळेवर आलेल्या प्रेक्षकाच्या आणि तयार उभ्या असलेल्या नटाच्या मानासाठी आहे. शाळेत आपण नेमका हाच संकेत उलटा करतो आणि मग मुलांना व्यावसायिकता शिकवायला शिबिरं भरवतो.

हे सगळं शाळेत होऊ शकतं का, असं विचारणाऱ्यांसाठी आपल्याच इतिहासात उत्तर आहे. दादरच्या छबिलदास शाळेचं नाव मराठी रंगभूमीवर प्रायोगिक चळवळीमुळे गाजलं, पण त्याआधी तिथे सुलभा देशपांडे नावाच्या शिक्षिका होत्या. त्या मुलांची नाटकं बसवत होत्या आणि विजय तेंडुलकरांसारखा लेखक त्या मुलांसाठी लिहीत होता. पुढे 'आविष्कार' या नाट्यसंस्थेच्या 'चंद्रशाला' या बालविभागातून 'दुर्गा झाली गौरी' हे नाटक आलं. ते वर्षानुवर्षं चाललं. मुलं मोठी होऊन बाहेर पडली, त्यांच्या जागी नवी आली, आणि नाटक तेच राहिलं. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती प्रयोगसंख्येची. एकदाच होणाऱ्या नाटकात मूल भीतीने किंवा उत्साहाने निभावून नेतं. बांधिलकीची परीक्षा दुसऱ्या प्रयोगाला असते, जेव्हा नवलाई संपलेली असते, टाळ्या कुठे येणार हे माहीत झालेलं असतं, आणि तरीही तेच वाक्य पहिल्यांदा सुचल्यासारखं बोलायचं असतं. अभिनेते प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर 2022 मध्ये आपला 12,500 वा प्रयोग केला तेव्हा सगळीकडे आकड्याचं कौतुक झालं. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आकड्याच्या आत आहे : त्यातल्या प्रत्येक प्रयोगाला कुठल्यातरी एका प्रेक्षकाने ते नाटक पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि त्याला शिळं काही मिळालं नाही.

आपल्या शाळांत दुसरा प्रयोगच नसतो. दीड महिना तालीम, एक रात्र, संपलं. फाट्याच्या आसपासच्या गावांत मारुतीच्या देवळापुढे मोकळं पटांगण असतं, सभामंडप असतो, जिल्हा परिषदेची शाळा असते. तेच नाटक शनिवारी सकाळच्या शाळेनंतर मुलांच्या स्वतःच्या गावांत करता येईल. नेपथ्य नको, माइक नको, दोन सतरंज्या आणि एक बाज पुरे. आठ किलोमीटरवरून येणाऱ्या त्या मुलीचं काम तिच्या आईने बघायचं असेल तर तो एकच मार्ग आहे, कारण रात्री साडेनऊला आई शाळेत येऊ शकत नाही.

अजून एक आक्षेप उरतो. इतकं काटेकोर वागलं तर मुलांची मनं दुखावतील, असं काही पालक आणि हल्ली काही शिक्षकही म्हणतात. 2022 साली पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच न देण्याचा निर्णय दिला तेव्हा हाच सूर मोठ्याने निघाला होता. ती महाविद्यालयीन स्पर्धा, 1963 पासून चालत आलेली, तिची गोष्ट वेगळी. शाळेत मी करंडकाचा आग्रह धरणारच नाही. बक्षिसांपायी शाळांनी नाटकं बाहेरच्या दिग्दर्शकांकडून बसवून घेतली आणि मुलांना बाहुल्यांसारखं उभं केलं, हे मराठवाड्यातही पुष्कळ झालं आहे. पण काम खरोखर बघून त्यावर खरं बोलणं हा मुलाचा मान आहे. "छान झालं बाळा" एवढंच प्रत्येकाला म्हणणाऱ्याने त्याचं काम पाहिलेलंच नसतं, आणि मुलांना ते लगेच कळतं. "तुझा आवाज तिसऱ्या रांगेनंतर येत नव्हता, उद्या मागच्या भिंतीला ऐकू जाईल असं बोलून दाखव" असं सांगितलं तर मूल दुखावत नाही. दुसऱ्या दिवशी ते मागच्या भिंतीपाशी मित्राला उभं करून बोलून बघतं.

दहावीच्या वर्षाचं म्हणाल तर दहावीला नका घेऊ. आठवी-नववी पुरेशी आहे. शिक्षकांना वेळ नाही म्हणाल तर ते खरं आहे. शाळेत नाट्यशिक्षकाचं पद नाही, कला शिक्षक कमी झालेत, आणि उरलेल्यांवर सर्वेक्षणांचं, ऑनलाइन माहिती भरण्याचं ओझं आहे. या तक्रारीत मी शिक्षकांच्या बाजूने आहे. पण मी वर जे मागितलं आहे त्याला जास्तीचा शिक्षक लागत नाही. जो शिक्षक आज साडेपाचला तालीम लावतो त्याने ती दुपारी लावायची आहे. जो आज काढून टाकतो त्याने जोडी लावायची आहे.

स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत होतील. सेलू आणि जिंतूर तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत नाटक पहिलं छापा. काठी धरणाऱ्या आणि सतरंजी घालणाऱ्या मुलासकट सगळ्यांची नावं छापा. पत्रिकेवर पाच लिहिलं असेल तर पाचला घंटा द्या. पाहुणे आले नसतील तर त्यांची खुर्ची रिकामी राहू द्या आणि नाटक सुरू करा.